पुलावरून मागे फिरलेला माणूस

ज्याची उभी हयात पुलांना रंग मारण्यात गेली, त्याला सातासमुद्रापार जाऊनही पूलच पाहायला मिळावा, याला काय म्हणावे? मुलाने विमानाचे तिकीट पाठवले तेव्हा राहुट्या, उंच इमारती, समुद्र असे काहीबाही डोळ्यांपुढे आले होते. पण ऑक्टोबर 2019 मध्ये अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात त्याच्या घरी पोचलो आणि तिसऱ्याच दिवशी नातू म्हणाला, "आबा, शनिवारी तुम्हाला पूल दाखवतो. असा पूल तुम्ही रंगवला नसेल."

नातवाचे म्हणणे दोन अर्थांनी खरे ठरले.

फेयेटव्हिल नावाच्या लहानशा गावाजवळ 'न्यू रिव्हर' नावाची नदी खोल दरीतून वाहते. नाव नवी नदी, पण जाणकारांच्या मते ती जगातल्या फार जुन्या नद्यांपैकी एक. या दरीवर 1977 मध्ये पोलादी कमानीचा पूल उभा राहिला. कमानीची लांबी 1,700 फूट, पूर्ण पुलाची लांबी 3,030 फूट आणि रस्त्यापासून खाली नदीपर्यंतची उंची 876 फूट. म्हणजे साडेतीन कुतुबमिनार एकावर एक ठेवले तरी वर थोडी जागा उरेल. पूल होण्याआधी दरीच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर जायला वळणावळणाच्या रस्त्याने पाऊण तास लागायचा. आता मिनिटभर लागतो.

मी सवयीने रंग पाहायला गेलो, तर रंगच नाही! सगळे पोलाद तांबूस-तपकिरी. नातवाने सांगितले की हे वेगळ्या जातीचे पोलाद आहे. त्यावर वरवर गंज चढतो आणि तोच गंजाचा थर आतल्या पोलादाला जपतो, म्हणून याला रंग लावावा लागत नाही. मी म्हटले, "बरे झाले. नाहीतर एवढ्या उंचीवर झुल्यात बसून कोणाच्या तरी लेकराने रंग मारला असता."

दर वर्षी ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी या पुलावरची वाहने थांबवून 'पूल-दिन' साजरा करण्याची प्रथा 1980 साली सुरू झाली. आपल्याकडच्या जत्रेसारखीच गर्दी. खाण्याच्या गाड्या, खेळणी, खांद्यावर पोरे घेतलेले बाप. फरक एवढाच की या जत्रेतली माणसे पुलाच्या मधोमध बांधलेल्या फळीवर जातात आणि पाठीवर पॅराशूट बांधून खाली उडी टाकतात. एरवी तिथे उडी मारायला बंदी. तो एक दिवस काही तासांपुरती मोकळीक.

पहिला माणूस पडला तेव्हा राहुलच्या वयाच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या, पण माझ्या पोटात गोळा आला. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा खाली नदीवर रंगीत छत्री तरंगत होती.

या खेळाला 'बेस' म्हणतात. बिल्डिंग, अँटेना, स्पॅन आणि अर्थ या चार शब्दांच्या आद्याक्षरांपासून ते नाव बनले. स्पॅन म्हणजे पुलाचा गाळा आणि अर्थ म्हणजे डोंगरकडा. कार्ल बोनिश नावाच्या अमेरिकन चित्रपट छायाचित्रकाराने हा खेळ नावारूपाला आणला.

विमानातून उडी मारणे आणि पुलावरून उडी मारणे यांत काय फरक, हे नातवाने मला कठड्याला टेकून समजावले. तो तेव्हा एकोणीस वर्षांचा होता आणि विमानातून उडी मारायचा वर्ग नुकताच त्याने लावला होता. विमानातून पडणाऱ्याच्या पाठीवर दोन पॅराशूट असतात. एक उघडले नाही तर दुसरे. शिवाय माणूस बेशुद्ध झाला तरी ठरावीक उंचीवर दुसरे पॅराशूट आपोआप उघडणारे यंत्र असते. पुलावरून उडणाऱ्याकडे बहुधा एकच पॅराशूट. कारण दुसरे उघडायला वेळच नसतो.

वेळ किती असतो? माणूस पडू लागला की पहिल्या सेकंदात तो सोळा फूट खाली येतो. दोन सेकंदांत चौसष्ट फूट. तीन सेकंदांत एकशे चव्वेचाळीस. पाच सेकंदांत चारशे. वाऱ्याच्या विरोधाने हा हिशेब थोडा कमी होतो, पण फार नाही. सात-आठ सेकंदांत खाली नदी. पॅराशूट हाताने बाहेर फेकल्यावर ते पूर्ण फुगेपर्यंतही शंभर-दोनशे फूट खर्ची पडतात. म्हणजे विचार करायला, चूक सुधारायला, 'अरे थांब' म्हणायला जागा नाही. जो काही विचार करायचा तो पाय फळीवर असतानाच करायचा.

"मग डोंगरापेक्षा पूल बरा का?" मी विचारले.

"बरा, आबा. डोंगरावरून उडी मारली आणि पॅराशूट उलट्या तोंडाने उघडले, तर माणूस कड्यावर आपटतो. पुलाखाली भिंत नसते. मोकळी हवा. म्हणून शिकणारे पुलावरून सुरुवात करतात."

मी काही बोललो नाही. पण मनात आले, जी जागा बरी असते तिथेच माणूस ढिला पडतो. आम्हा रंगाऱ्यांमध्येही नवखा पोरगा वरच्या कमानीवर कधी पडायचा नाही. तिथे तो जीव मुठीत धरून असायचा. पडायचा तो खालच्या सोप्या तुळईवर, विडी शिलगावताना.

या पूल-दिनात तोवर तीन उडीबाज दगावले होते. 1983 मध्ये एक जण सुखरूप खाली पोचला, पण नदीत उतरला आणि बुडून गेला. विचार करा, उंचीने नाही, पाण्याने मारले. पाठीवर ओझे, अंगाभोवती दोऱ्या, भिजून जड झालेले कापड आणि नदीला ओढ. अशात पोहणाराही हतबल होतो. म्हणून खाली बचावाच्या होड्या तयार लागतात. 1987 मध्ये दुसऱ्याचे पॅराशूट वेळेत उघडले नाही. आणि तिसरा, 2006 मधला, तो मात्र माझ्या मनातून जात नाही.

तो सहासष्ट वर्षांचा होता, जवळजवळ माझ्या आजच्या वयाचा. कॅलिफोर्नियात एल कॅपिटन नावाचा तीन हजार फुटांचा उभा कडा आहे. 1966 मध्ये त्या कड्यावरून पॅराशूट घेऊन ज्या दोघांनी पहिल्यांदा उडी मारली, त्यांतला हा एक. दोघांचीही हाडे मोडली होती. चाळीस वर्षांनी तो या पुलावर आला. हजारो लोक पाहत होते. त्याने उडी मारली आणि पॅराशूट बाहेर फेकायला उशीर केला. ते फुगेपर्यंत नदी आली होती.

त्या क्षणी त्याच्या मनात काय होते, कोण सांगणार? आपण त्याला नावे ठेवू नयेत. पण एक गोष्ट त्याच्या मरणाने लख्ख दिसते. अनुभव माणसाला वाचवतो तो फळीवर पाय असताना. एकदा पाय सुटला की जुनी कीर्ती काही झेलत नाही. खुद्द कार्ल बोनिशचेही तेच झाले. 1984 च्या जुलैत नॉर्वेच्या एका प्रचंड कड्यावरून पत्नीसह उडी मारून त्याने टेलिव्हिजनसाठी विक्रम केला. त्यानंतर लगेचच तो त्याच कड्यावरच्या वेगळ्या जागेवरून उडाला आणि गेला. काल जमले म्हणून आज जमेलच, हा हिशेब उंचीला मान्य नसतो.

आयडाहो राज्यात ट्विन फॉल्स गावाला लागून स्नेक नदीवर पेरीन नावाचा पूल आहे. 486 फूट उंच. तिथे वर्षभर परवान्याशिवाय उडी मारता येते, म्हणून जगभरचे लोक शिकायला येतात. ओळखीची, रुळलेली जागा. पण तिथेही माणसे जखमी झाली आहेत, मेली आहेत. 2015 मध्ये एक जण उडीला आगीचा खेळ जोडायला गेला आणि प्राणाला मुकला. नुसती उडी जुनी झाली की माणूस तिच्यावर काहीतरी नवे चढवतो. अपघात बहुतेक वेळा त्या वरच्या ओझ्याने होतो.

आता त्या शनिवारी मी जे पाहिले ते सांगतो, कारण त्याचसाठी हा लेख लिहायला घेतला.

दुपार होत आली होती. चाळिशीतला एक माणूस फळीवर आला. निळा अंगरखा, डोक्यावर शिरस्त्राण. लोक ओरडून त्याला चेव आणत होते. त्याने खाली पाहिले. मग बांधलेल्या कापडी पट्टीकडे पाहिले. ती वाऱ्याने आडवी झाली होती. तो थांबला. पट्टी खाली आली, पुन्हा आडवी झाली. गर्दीतून कोणी तरी शीळ घातली, कोणी हसले. त्या माणसाने एक हात वर केला, मान हलवली आणि वळून फळीवरून परत आला. रांगेतल्या पुढच्या माणसाला त्याने वाट दिली. चेहरा लाल झाला होता. शेकडो मैलांवरून आला असेल, पैसे भरले असतील, बायकापोरे कॅमेरा घेऊन उभी असतील. तरी तो परत आला.

मी टाळ्या वाजवल्या. एकट्यानेच. नातू ओशाळून म्हणाला, "आबा, त्याने उडी मारलीच नाही."

"म्हणूनच," मी म्हटले.

त्या रात्री मला झोप आली नाही. नातवाला जे सांगितले नव्हते ते मनात फिरत राहिले. वाचकहो, आज ते तुम्हाला सांगतो.

1981 ची गोष्ट. कोकणातल्या एका खाडीपुलावर आम्ही पाच जण एका कंत्राटदाराकडे कामाला होतो. जुना रंग खरवडायचा आणि लाल अस्तर मारायचे. पाच माणसांत कमरेचे पट्टे दोन. वैशाख महिना होता आणि दुपारनंतर खाडीवरून असा वारा सुटायचा की रंगाचा डबा हेलकावे खायचा. दुसऱ्या दिवशी साहेब पाहणीला येणार, म्हणून मुकादमाने घाई लावली होती. माझा जोडीदार झुल्यात पाय टाकण्याआधी मला म्हणाला, "वारं लई हाय रं. थांबायचं का घटकाभर?"

पट्टा त्या दिवशी माझ्या कमरेला होता.

मी म्हणालो, "चल, आटपून टाकू. उगाच खाडा पडंल."

मुकादमाने नाही म्हटले, कंत्राटदाराने नाही म्हटले, मी म्हटले. अर्ध्या तासात झुला फिरला. मी पट्ट्याला लटकून राहिलो. तो खाली गेला. भरती नव्हती, खाली दगड होते. त्याच्या बायकोला थोडे पैसे दिले आणि कागदावर अंगठा घेतला. मी पुढे बत्तीस वर्षे पुलांवर काम केले, पण 'आटपून टाकू' हे शब्द पुन्हा कधी तोंडातून काढले नाहीत.

मनात प्रश्न हाच होता. त्या निळ्या अंगरख्यातल्या माणसाला परत फिरता आले. आम्हाला का आले नाही? त्याच्यापेक्षा आम्ही अडाणी होतो म्हणून? नाही. वारा आम्हालाही कळत होता. माझ्या जोडीदाराला तर माझ्या आधी कळला होता. पण परत फिरला तर त्या माणसाची फक्त हौस राहणार होती. आम्ही परत फिरलो असतो तर चूल राहिली असती.

दुसऱ्या दिवशी मुलाला म्हटले, आज गर्दी नको, कुठे तरी शांत जागी ने. त्याने पुलावरूनच जाणारा 19 नंबरचा महामार्ग धरला आणि उत्तरेला समर्सव्हिल गावाकडे नेले. तिथे झाडीत एक लहानशी स्मशानभूमी आहे. साध्या खुणा. मोठे दगड नाहीत, कोरलेल्या वंशावळी नाहीत.

या मजुरांची हकीकत मुलाने वाचली होती. याच न्यू रिव्हरचे पाणी वळवून वीज करण्यासाठी, पुलापासून काही मैलांवर हॉक्स नेस्ट येथे 1930 मध्ये डोंगरातून तीन मैलांचा बोगदा खोदायला घेतला. काम युनियन कार्बाइड कंपनीच्या एका उपकंपनीचे. मंदीचे दिवस होते. दक्षिणेतून कामाच्या शोधात माणसे आली. सुमारे तीन हजार मजूर बोगद्याच्या आत राबले आणि त्यांतले बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. खडकात सिलिका ठासून भरलेली. पाणी मारत छिद्रे पाडली तर धूळ बसते, पण काम सावकाश होते. म्हणून कोरडेच ड्रिल चालवले. पाहणीला येणारे साहेब तोंडाला मास्क बांधत. मजुरांना मास्क नव्हते. पांढरी धूळ फुप्फुसात बसली आणि माणसे महिन्या-दोन महिन्यांत धापा टाकत मरू लागली. 1936 मध्ये अमेरिकन संसदेच्या समितीपुढे 476 मृत्यूंचा आकडा आला. पुढे 1986 मध्ये डॉक्टर मार्टिन चेर्निॲक यांनी अभ्यास करून तो आकडा किमान 764 असावा असे मांडले. गोऱ्यांच्या दफनभूमीत काळ्यांना जागा नव्हती, म्हणून कित्येकांना एका शेतात पुरले. 1972 मध्ये याच 19 नंबरच्या महामार्गाचे रुंदीकरण आले तेव्हा त्यातले अवशेष उकरून इथे आणले.

ज्या रस्त्यावर काल जत्रा भरली होती, तोच हा रस्ता. युनियन कार्बाइड हे नाव ऐकून तुम्हाला 1984 ची भोपाळची 2 आणि 3 डिसेंबरची रात्र आठवली असेल. मलाही आठवली.

मी त्या खुणांपुढे हात जोडून उभा राहिलो. पूल-दिनात जवळजवळ चाळीस वर्षांत तीन माणसे गेली, तर प्रत्येक मरणाची चर्चा झाली. उशीर किती सेकंद झाला, होडी कुठे होती, पॅराशूट कसे घडी केले होते. त्या चर्चेतून नियम झाले. किमान शंभर वेळा विमानातून उडी मारल्याशिवाय पुलावरून सोडायचे नाही, अशी अट आयोजकांनी घातली. हे योग्यच झाले. पण बोगद्यातल्या शेकडो माणसांची नीट मोजणीसुद्धा झाली नाही. धोका दोघांनीही पत्करला असे कोणी म्हणेल, तर ते खोटे आहे. एकाने धोका निवडला. दुसऱ्याच्या डोक्यावर तो लादला. ज्याला 'नाही' म्हणता येते त्याच्याच बाबतीत आपण 'निर्णय चुकला' असे म्हणू शकतो.

तरीही दोघांना लागणारी गोष्ट एकच. पाय फळीवर असताना थांबण्याची मुभा. खेळणाऱ्याला ती स्वतःच्या मनाकडून मिळवावी लागते. कामगाराला ती कायद्याने आणि एकजुटीने मिळवावी लागते. आपल्याकडे बांधकाम कामगारांसाठी 1996 मध्ये कायदा झाला. त्यात सुरक्षेच्या तरतुदी होत्या. तुमच्या घरातला कोणी परांचीवर चढत असेल तर त्याने मंडळात नोंदणी केली का, कमरेला पट्टा आहे का आणि तो पट्टा कशाला अडकवला आहे, हे आज रात्री जेवताना विचारा. लाज वाटू देऊ नका.

परतीच्या वाटेवर मी नातवाला खाडीपुलाची गोष्ट सांगितली. तो गप्प बसला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "आबा, मग मी उडी मारू नको का?"

नको म्हणावेसे फार वाटले. पण नको म्हणून थांबणारा पोरगा मागे कोणी नसताना थांबत नाही. मी म्हटले, "बाळा, तुझे तू ठरव. पण फळीवर गेलास की स्वतःला पाच गोष्टी विचार. वारा पाहिलास का? पॅराशूटची घडी तू स्वतः घातलीस का? खाली होडी आहे का? ही गर्दी नसती, फोटो काढणारे कोणी नसते, तर तू आज उडी मारली असतीस का? आणि मागची वाट मोकळी आहे का? एकाही गोष्टीला मन कचरले तर वळ. लोक हसतील. हसू देत."

त्याने खिशातून पंचवीस सेंटचे नाणे काढून मला दिले. 2005 च्या त्या नाण्यावर हाच पूल कोरलेला आहे. ते अजून माझ्या पाकिटात आहे.

त्याला आता बरीच वर्षे झाली. नातू विमानातून उड्या मारतो. पुलावर अजून गेलेला नाही, जाईलही कदाचित. गेल्या पावसाळ्यात एका रात्री त्याचा फोन आला. तिकडे सकाळ होती. म्हणाला, "आबा, आज मैदानावर सगळे वर गेले. मला वारा बरा वाटला नाही. मी गेलो नाही. दोघे-तिघे हसले."

मी विचारले, "जेवलास का?"

"जेवलो."

मग मी फोन त्याच्या आजीकडे दिला, कारण माझ्याने पुढे बोलवेना.